कस बघा, मत द्या!

‘नागरिकाचे कर्तव्य’ या विषयावर मी जेवढं लिहिलंय, तेवढं अख्ख्या बंगळूरमध्ये दुसऱ्या कुणी लिहिलं नसेल. ते वाचून कुणी कर्तव्य केल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. म्हणून मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, “काका, नगरसेवक होतात तेव्हाचे अनुभव लिहा, पण प्लीज उपदेश नको हं,” तेव्हा मला राग आला नाही. बाई हुशार आहेत. उपदेशाचा कंटाळा तो करणाऱ्याला कधीच येत नाही, ऐकणाऱ्याला येतो, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

माझा मूळ धंदा रबराचा. नळाला, पंपाला, ट्रॅक्टरच्या गिअरपेटीला जी रबरी वॉशर आणि सील लागतात, ती आमच्या कारखान्यात तयार व्हायची. म्हणजे थोडक्यात गळती थांबवायचा धंदा. लग्नानंतर पुण्याहून इथे आलो आणि पुढची सगळी वर्षं हेच केलं. माल चांगला होता, कामगार टिकून होते, कुणाचं देणं नव्हतं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लघुउद्योजकांच्या आमच्या संघटनेने मला अध्यक्ष केलं आणि अध्यक्षाच्या हातात माईक येतो. माईक हातात आला की माणसाला एकदम समाजाची काळजी वाटू लागते, हे मी स्वतःवरून सांगतो.

आमच्या वसाहतीत तेव्हा एक साप्ताहिक घरोघर फुकट टाकलं जायचं. वसाहत जे. पी. नगरच्या पलीकडे, नवीनच वसत होती. त्या साप्ताहिकात मी इंग्रजीत सदर लिहायला लागलो. रांगेत उभं राहावं, हॉर्न वाजवू नये, झाडाला पाणी घालावं, कुत्र्याला दुसऱ्याच्या दारात नेऊ नये. लोक भेटले की म्हणत, “सर, सुपर आर्टिकल!” आणि मी फुगायचो. आमच्या घरातल्या खिडकीच्या काचा त्याच साप्ताहिकाने पुसल्या जात, हे मला दिसत होतं. पण दिसलं ते समजलंच पाहिजे असा काही नियम नाही.

मग महापालिकेची निवडणूक आली. नागरिक संघाचे चिटणीस शेषाद्री, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, एका रविवारी चार जणांना घेऊन आमच्या घरी आले. म्हणाले, “सर, धिस टाइम यू मस्ट स्टँड. एज्युकेटेड पीपल मस्ट कम फॉरवर्ड.” सुशिक्षितांनी पुढे यावं असं म्हणणारे सगळे सोफ्यात मागे टेकून बसले होते. मी उभा राहिलो. अपक्ष.

आमची ही, नलिनी, चहाचे कप उचलताना एवढंच म्हणाली, “हौस असेल तर राहा उभे. पण माझ्या दारात ती माणसं चपला काढणार नाहीत हे बघा.” तिला वाटत होतं की निवडणुकीचा सगळ्यात मोठा त्रास चपलांचा असतो. 

आता घोषणेचं सांगतो, कारण माझं सगळं राजकारण त्या घोषणेवर चाललं. पुण्याहून माझा मेव्हणा शरद प्रचाराला म्हणून आला होता. तो एका जाहिरातवाल्याकडे नोकरी करायचा आणि आपल्याला शब्दांतलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. त्याने घोषणा काढली: ‘कस बघा, मत द्या!’ म्हणजे उमेदवाराची जात बघू नका, पैसा बघू नका, त्याचा कस बघा. मला फार आवडली. सोन्याचा कस, मातीचा कस, माणसाचा कस. वा!

“पण शरद, मतदार कन्नड आहेत,” मी म्हटलं.

“मग कन्नडमध्ये करू की भावजी. बघा म्हणजे नोडी, द्या म्हणजे कोडी. मत तर त्यांच्याकडेही मतच. झालं! ‘कस नोडी, मत कोडी’. यमकसुद्धा जुळलं.”

“आणि कस?”

“अहो, कस संस्कृत असणार. संस्कृत शब्द सगळीकडे चालतात.”

पुण्याचा माणूस ‘संस्कृत असणार’ असं म्हणाला की पुढे कुणी काही विचारत नाही. मीही विचारलं नाही. आणि आता गंमत ऐका. कन्नडमध्ये कस म्हणजे कचरा. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो! रोज सकाळी झाडणारी बाई आमच्या फाटकाशी “कसाऽऽ” म्हणून ओरडायची आणि मीच कित्येकदा बादली नेऊन द्यायचो. पण दोन भाषांत राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात दोन खोल्या असतात आणि मधलं दार बहुतेक वेळा लोटलेलं असतं. एका खोलीत मी कस लावून बघत होतो, दुसऱ्या खोलीत कस बादलीत भरत होतो. दोघांची गाठ पडली नाही. फलक रंगवणाऱ्या मुनिराजूने फक्त एकदा विचारलं, “अण्णा, हेच लिहायचं ना? नक्की?” मी म्हटलं, “मोठ्या अक्षरात लिही.” 

तर वसाहतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर माझा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘कचरा बघा, मत द्या’.

पहिले दोन दिवस लोक माझ्याकडे बघून हसतायत ते प्रेमाने, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी नलिनीला भाजीवालीने अर्थ सांगितला. ती घरी येऊन जी हसत सुटली, ती जेवणाच्या ताटावर पण हसत होती. शरदने त्याच संध्याकाळची गाडी पकडली. मी फलक उतरवायला माणसं पाठवणार, तोच शेषाद्रींचा फोन. “सर, ब्रिलियंट! एव्हरीबडी इज टॉकिंग. नो कँडिडेट हॅज एव्हर टच्ड द गार्बेज इश्यू!”

खरंच की! बाकीचे उमेदवार विकास, स्वाभिमान, नवं युग वगैरे बोलत होते. कचऱ्याचं नाव काढणारा मी एकटाच निघालो. लोकांना वाटलं, हा गृहस्थ कबूल करतोय की बाबांनो, तुमच्या दारातली घाण बघा आणि मग मला मत द्या, मी काढतो. मी निवडून आलो. माझा कस कुणी बघितला नाही, कचरा सगळ्यांनी बघितला होता.

निवडून आल्यावर पहिल्याच सकाळी एक म्हातारी फाटकाशी येऊन उभी राहिली. तिने प्लास्टिकची बादली माझ्या पायाशी आदळली आणि म्हणाली, “कस नोडी अंद्रल्ला, नोडी!” कचरा बघा म्हणालात ना, घ्या, बघा. मी बघितला. दुसरं काय करणार?

बाहेरच्या माणसाला वाटतं नगरसेवक म्हणजे शहराचं भवितव्य ठरवणारा कुणीतरी. तसं काही नसतं. नगरसेवक म्हणजे गटाराचं झाकण, रस्त्यावरचा दिवा, वाकलेली फांदी आणि शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी. एक गृहस्थ महिनाभर यायचे, समोरच्या घरातला नारळ आपल्या गाडीवर पडतो म्हणून. नारळ तोडायला माणूस पाठवला तर म्हणाले, “नारळ मला मिळायला पाहिजेत, पडतात तर माझ्या गाडीवर!” दुसरे एक, पत्नी माहेरी निघून गेली तर ‘वॉर्ड कमिटीने तिला समजवावं’ म्हणून आले. या सगळ्यांना हो म्हणायचं असतं. “सरी सरी, बघतो” हे दोन शब्द नीट म्हणता आले की अर्धं राजकारण जमलं.

आणि कचरा. त्या काळी त्याची व्यवस्था अशी होती: झाडणाऱ्या बाया घरोघरचा कचरा हातगाडीत घेणार, नेमलेल्या जागी टाकणार, तिथून लॉरी उचलणार. नेमलेल्या जागी सिमेंटची मोठी गोल कुंडी असायची, विहिरीच्या कड्यासारखी. आमच्या वसाहतीला कुंडी मंजूर होती, पण ती ठेवायला जागा ठरली नव्हती. म्हणून सगळे मिळून एका रिकाम्या प्लॉटवर टाकायचे. त्या प्लॉटला लागूनच एक बैठं घर होतं आणि त्या घरात सुमक्काची खानावळ होती.

सुमक्का मूळची बेळगावकडची. नवरा गेल्यावर पोरीला घेऊन इथे आली. पोळी-भाजी करून देता देता खानावळ उभी राहिली. साल दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, ते अडवायला म्हणून पुण्या-नागपूरची पोरं तेव्हा बंगळुरात उतरत होती. त्यांना आमटी-भात, भाकरी, थालीपीठ मिळण्याची जागा म्हणजे सुमक्का. पोरगी पी.यू.सी.ला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला होती, तिला इंजिनिअर करायचं होतं. सगळा भार त्या चुलीवर.

ती माझ्याकडे रोज यायची. तक्रार करायला येणारे आधी माझी स्तुती करायचे, ती नाही करायची.

“अण्णा, आज पण तसंच हाय बघा. नागपूरची चार पोरं सोडून गेली की वो. ताटावर माश्या बसतात, पोरं नाकाला रुमाल लावून जेवतात. रुमाल लावून जेवायचं कसं, तुम्हीच सांगा.”

“सुमक्का, बघतो मी.”

“तुम्ही लईच बघतासा. पाटीवर पण लिवलं हुतं बघा म्हणून. आता काढा की.”

तिला कामाचं एकच वाक्य यायचं आणि ते ती रोज म्हणायची. कचरा हटला नाही तर दिवाळीपर्यंत खानावळ बंद पडणार, आणि खानावळ बंद पडली तर पोरगी घरी बसणार. एवढा सरळ हिशेब मला कारखान्यात सुद्धा कुणी सांगितला नव्हता. मी म्हटलं, हे काम करायचंच. कुंडीला जागा शोधायची, प्लॉट साफ करायचा, भोवती तार ओढायची. यात अवघड काय आहे? सगळे माझे वाचक.

नागरिक संघाची सभा भरवली. कुंडी पाहिजे का? सगळ्यांचे हात वर. तातडीने पाहिजे का? दोन्ही हात वर. कुठे ठेवायची? सगळे हात एकदम खाली.

शेवटी मी नकाशा घेऊन घरोघर फिरलो. शेषाद्रींच्या घरापाशी कोपरा चांगला होता, लॉरी वळायला जागा होती. त्यांनी मला आत बसवलं, फिल्टर कॉफी दिली आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेली माझी सगळी सदरं दाखवली. ‘आपली घाण ही आपलीच जबाबदारी’ हे सदर तर त्यांनी चौकट करून भिंतीवर लावलं होतं. मला भरून आलं. म्हटलं, “मग कोपऱ्यावर ठेवू या?” 

“सर,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “प्रिन्सिपल इज करेक्ट. बट नॉट माय गेट. माय डॉटर-इन-लॉ हॅज ॲलर्जी.”

पुढच्या घरी वास्तुशास्त्र आडवं आलं, कचरा ईशान्येला चालत नाही. त्याच्या पुढच्या घरात सून आणायची होती, मुलीकडचे बघायला येणार होते. एकाने चक्क सांगितलं की कुंडी गरीब लोकांच्या गल्लीत ठेवा, त्यांना सवय असते. हा मनुष्य दर रविवारी भगवद्गीतेवर व्याख्यान द्यायचा. मी सरी म्हणून निघालो.

एका मैदानाच्या कडेला, कुणाच्याच दारात नाही अशी जागा मिळाली. पिंपळाखाली. खूण म्हणून मुनिराजूकडून चुन्याचा गोल आखून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी घेऊन माणसं गेली तर चुन्याच्या गोलात नागाचा दगड उभा! वर हळद-कुंकू, झेंडूचा हार, आणि समोर दूध ओतलेलं. रातोरात प्रतिष्ठापना. कन्नडमध्ये नागर म्हणजे नाग. माझ्या वॉर्डातले नागरिक त्या अर्थाने नागरिक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. दगडाला हात लावायची कुणाची छाती होणार? माझीही झाली नाही. दगड आणणाऱ्या गृहस्थाला मी ओळखलं होतं, त्याने मला प्रसाद पण दिला.

कुंडी आठवडाभर लॉरीवरून वरातीसारखी फिरत होती. जिथे उतरवू तिथे बायका आडव्या. “निम्म मने मुंदे इडी!” तुमच्याच घरासमोर ठेवा की! हे वाक्य मला इतक्या घरांतून इतक्या सुरांत ऐकू आलं की शेवटी डोकं फिरलं. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, माणसं कंटाळलेली. मी लॉरीवाल्याला म्हटलं, “चल. माझ्याच घरासमोर उतरव. विषय संपला!”

मोठेपणा म्हणून नव्हे हो, चिडून. कर्तव्य वगैरे शब्द त्या वेळी माझ्या डोक्यात असता तर मी कुंडी तिथे ठेवली नसती.

नलिनी फाटकात येऊन उभी राहिली.

“हे काय?”

“कुंडी.”

“ते दिसतंय मला. आपल्या दारात काय करतेय?”

“कुणीतरी सुरुवात करायला हवी ना?”

“मग माझ्या माहेरच्यांना काय सांगू? घरी कसं यायचं तर वासाच्या दिशेने या?” आणि तिचे डोळे भरले. “चपला दारात नको म्हटलं होतं मी. चपला! केवढी बावळट मी!”

पुढे कित्येक दिवस ती पुढच्या दाराने बाहेर पडली नाही. मी सदरात लिहिलं, ‘उदाहरण स्वतःपासून’. फार पत्रं आली. कुंडीत कचराही फार आला. शेजारच्या वसाहतीतले लोकसुद्धा गाडीने येऊन टाकायला लागले. नगरसेवकाच्या दारात टाकलं की लॉरी नक्की येते अशी त्यांची अटकळ होती.

पण सुमक्काचा प्लॉट साफ झाला. दोन लॉऱ्या भरून घाण निघाली, खाली चक्क लाल माती होती. सुमक्काने त्या मातीवर सडा घातला आणि रांगोळी काढली. संध्याकाळी बेळगावी खव्याच्या कुंद्याचा डबा घेऊन घरी आली, नलिनीच्या हातात दिला आणि तिचे दोन्ही हात धरून रडली. “अक्का, तुमच्या दारात घेतलासा माझी घाण. कोण घेतंय?” नलिनी तिच्यावर कशी रागावणार? त्या दिवसापासून ही पुन्हा पुढच्या दाराने जायला लागली, पदर नाकाला लावून.

खानावळ बहरली. पोरं परत आली, नवी आली. प्लॉटवर बाकं टाकून जेवायला लागली. मी एकदा गेलो तर सुमक्काने मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, “हेच अण्णा. ह्यांनी काढलं बघा.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. बत्तीस पुरस्कार मिळाले असते तरी एवढं बरं वाटलं नसतं. मला त्या दिवशी खरोखर वाटलं की राजकारणात येऊन मी एक गोष्ट तरी केली.

प्लॉट आणि घर, दोन्हींचे मालक एकच. गंगाधरप्पा. राहायचे मारतहळ्ळीला, तिथे त्यांचं रागीचं शेत होतं. भाडं न्यायला स्वतः कधी येत नसत, वास सहन व्हायचा नाही म्हणून. कुणालातरी पाठवायचे आणि भाडं वाढवायचा विषयही काढायचे नाहीत, कारण त्या उकिरड्याशेजारी दुसरं कुत्रंही राहिलं नसतं. प्लॉट साफ झाल्याचं कानावर गेल्यावर ते गाडी घेऊन आले. गाडीतून उतरले. दीर्घ श्वास घेतला, असं सुमक्काने नंतर मला सांगितलं. “अण्णा, तो माणूस वास घेऊलाला हुता. असा. छाती भरून. तवाच मला भ्या वाटलं.”

पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून एका बिल्डरला विकलं गेलं. तिथे कॉम्प्युटरवाल्यांसाठी फ्लॅट होणार होते, खाली पार्किंग.

सुमक्का रडत आली नाही. फाटकाशी येऊन नुसती उभी राहिली, कुंडीच्या पलीकडे. म्हणाली, “घर सोडा म्हणतंय मालक. दिवाळी करून जावा म्हणतंय.”

मी गंगाधरप्पांकडे गेलो. त्यांनी मला हार घातला. मी बोलायच्या आत माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाले, “अण्णा, वडिलांनी घेतलेला प्लॉट कचऱ्यात पडला होता, निम्मिंद सोनं झालं. तुमच्यामुळे.” मी सुमक्काचं बोललो. तर हसून म्हणाले, “स्वल्प ॲडजस्ट माडबेकु अण्णा, थोडं जमवून घ्यायचं. तिला सांगा, दुसरी जागा बघ.” वाईट माणूस नव्हता. स्वतःची जागा विकली, विकू नये का? मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार? ‘मालमत्तेची किंमत वाढवणारी स्वच्छता’ हे सदर मीच लिहिलेलं.

मग शेषाद्री आठवले. त्यांच्या मागच्या अंगणात आउटहाउस होतं, रिकामं. म्हटलं, सुमक्काला भाड्याने द्या. त्यांनी कॉफी दिली. मग कपाटातून माझं एक सदर काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. ‘निवासी वसाहतीत व्यापार नको.’

“सर, यू ओन्ली रोट,” ते म्हणाले. “व्हेरी कन्व्हिन्सिंग.”

मला इतका संताप आला, इतका संताप आला की मी ते सदर उचलून फाडलं. ते बिचारे घाबरले. पण त्यांच्याकडे आणखी प्रती होत्या.

सुमक्का गेली. टेम्पोत भांडी, बाकं, पोरीची पुस्तकं. नलिनीने तिला वाटेत खायला दशम्या करून दिल्या. मी टेम्पोशी उभा होतो, काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, “सुमक्का, मी प्रयत्न केला.” ती म्हणाली, “व्हय की अण्णा. तुम्ही चांगलंच केलासा.” त्यात टोमणा शोधून सापडला नाही. तो असता तर बरं झालं असतं.

पुढची निवडणूक मी हरलो. विरोधी उमेदवाराचं भाषण अगदी छोटं होतं: ज्याच्या स्वतःच्या दारात एवढी घाण, तो वॉर्ड काय साफ ठेवणार? लोकांना पटलं. शेषाद्री त्याच्या व्यासपीठावर बसले होते. मी पुन्हा वॉशरकडे वळलो. तिथे निदान गळती कुठून होतेय ते दिसतं.

सुमक्काचा पत्ता मला खानावळीतल्या एका जुन्या पोराने दिला. के. आर. पुरमला, रेल्वे रुळांच्या मागच्या बाजूला. एका रविवारी दुपारी गेलो. घर शोधायची गरज पडली नाही, वास आला. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, आणि खिडकीच्या अगदी खाली उकिरडा. आमच्या प्लॉटवरच्यापेक्षा मोठा. गाई चरत होत्या, कावळे उडत होते. आत पोरं मांडी घालून जेवत होती, नाकाला रुमाल न लावता. शहराच्या या टोकाला त्यांना भाकरी मिळत होती हेच खूप होतं.

सुमक्का मला बघून खरंच खूश झाली. पोरगी कॉलेजला जात होती, इंजिनिअरिंगच्या. “तिसऱ्या वर्षाला गेली की वो अण्णा!” तिने पाट टाकला, ताट वाढलं. पण माझं लक्ष ताटात लागेना. खिडकीतून तो ढीग सारखा दिसत होता. जुनी खोड, जाते कुठे? डोक्यात लगेच चक्र सुरू झालं: इथला नगरसेवक कोण, ओळख कशी काढायची, लॉरी कुणाला सांगायची.

“सुमक्का,” मी म्हटलं, “हे काय चाललंय? इथला नगरसेवक कोण आहे? मी उद्याच बोलतो. महिन्याभरात साफ करून...”

तिच्या हातातला डाव थांबला. तिने तो पातेल्यात ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर खाली बसली. दोन्ही हात जोडले.

“अण्णा, तुमच्या पाया पडते. पोरीची दोन वर्षं ऱ्हायलीत. हे हाय तवर मालक इकडं फिरकत न्हाई. ह्येला हात लावू नकासा.”

मी मान हलवली, भाकरीचा तुकडा मोडला आणि गप जेवलो.

त्या उकिरड्याबद्दल मी कुणालाही काही सांगितलं नाही, आजवर त्यावर एक ओळही लिहिली नव्हती. लोकांसाठी मी केलेल्या कामांपैकी कुणाचंही नुकसान झालं नाही, असं ते एकच काम.